दावं कधी सोडायचं? पूर, गुरंढोरं आणि घर सोडण्याची तयारी

(नंदुरबार इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न जोडले आहेत.)

आजचा विषय पत्रिकेत 'आपत्ती व्यवस्थापन आणि पाळीव प्राणी' असा छापला आहे. नाव जरा जड आहे, म्हणून मी तो एका प्रश्नात मांडतो. रात्रीचे दोन वाजलेत. बाहेर पाऊस कोसळतोय. पोलीस पाटील दार वाजवतो आणि सांगतो, पाणी येतंय, निघा. तुमच्या गोठ्यात दोन बैल आहेत, एक गाभण गाय आहे, पाच बकऱ्या आहेत. खुराड्यात कोंबड्या, अंगणात कुत्रा. तुम्ही काय करणार?

पुस्तकातलं उत्तर असं की माणसांचा जीव महत्त्वाचा, लगेच निघा. खरं उत्तर तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. घरातला एक माणूस मागं राहतो. बहुतेक वेळा तो म्हातारा असतो, नाहीतर घरातली बाई, जिच्या हातानं त्या जनावरांना रोज पाणी मिळतं. "तुम्ही व्हा पुढं, मी ढोरं सोडून येतो," असं म्हणतो आणि कधी कधी येतच नाही.

याला अडाणीपणा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती मान्य नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर बकरी म्हणजे घरातली बँक असते. पोराचं आजारपण, बियाणं, लग्न, सगळं तिच्यावर चालतं. बैलजोडी गेली तर पुढच्या पेरणीचं काय, हा प्रश्न त्या रात्रीसुद्धा माणसाच्या डोक्यात असतो, आणि तो असायलाच हवा. कुत्र्याचं म्हणाल तर पैशाचा संबंध नाही, पण बिबट्या आल्यावर पहिल्यांदा तोच भुंकतो. म्हणजे माणूस जनावर सोडून निघत नाही, हे आपण आधी मान्य करायचं. पावसाचा अंदाज जसा गृहीत धरतो तसंच हे गृहीत धरायचं आणि मग तयारी करायची. जनावरांची सोय नसलेली माणसं हलवण्याची योजना कागदावरच राहते.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. आपल्याकडे पाणी तीन प्रकारांनी येतं, आणि तिन्हींची तयारी वेगळी आहे.

एक तापीचं पाणी. हे सांगून येतं. वर जळगाव जिल्ह्यात हतनूर धरण आहे, त्याला ४१ दरवाजे आहेत. तिथले दरवाजे उघडले की पाणी सुलवाड्याच्या बॅरेजवर येतं, मग सारंगखेडा, मग प्रकाशा, आणि पुढं उकाईच्या जलाशयात. म्हणजे नदीकाठच्या गावाला हातात काही तास मिळतात. इथं जनावर गेलं तर ते पाण्याच्या वेगानं जात नाही, आपल्या 'बघू जरा'नं जातं.

दुसरं सातपुड्यातून आणि नवापूरच्या डोंगरातून उतरणारं पाणी. हे सांगत नाही. १६-१७ ऑगस्ट २०१८ ची रात्र नवापूरवाल्यांना आठवत असेल. रात्रभराच्या पावसानं रंगावली फुगली, तिकडं विसरवाडीला सरपणी फुगली, आणि पहाटेपर्यंत घरं, माणसं, गुरं वाहून गेली. अशा पाण्यात तुमच्या हातात तास नसतात, मिनिटं असतात. गाडी बोलावणं, कोणाला फोन करणं, यातलं काही होत नाही. जे आधी ठरलेलं आहे तेवढंच होतं.

तिसरं नर्मदेचं. हे हळू चढतं आणि उतरत नाही. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी आपल्याच जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यातलं पहिलं. त्या विस्थापनाबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी फक्त जनावरांपुरतं बोलतो. डोंगरात ज्या घराची गुरं दिवसभर जंगलात चरत होती, त्या घराला तळोद्याकडे पुनर्वसनाच्या गावात जमिनीचा तुकडा मिळाला, पण गुरांना चरायला रान मिळालं नाही. मग माणसांनी गुरं कमी केली. पाण्यातून वाचलेलं जनावर नव्या जागेत चाऱ्यावाचून विकावं लागलं. तेव्हा 'कसं हलवायचं' एवढंच विचारून भागत नाही, 'हलवल्यावर ते खाणार काय' हेही त्याच दिवशी विचारावं लागतं.

आता थोडं जिल्ह्याबाहेर जाऊ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला. तो दुभत्या जनावरांचा मुलूख. घर सोडायला लोक तयार नव्हते, कारण गोठा भरलेला होता. म्हशी जिन्यावरून माडीवर, गच्चीवर चढवल्या लोकांनी. म्हैस जिना चढते बरं का, पण उतरत नाही, आणि गच्चीवर वैरण नसते. त्याच भागात दुसरं उदाहरणही आहे. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही गावं १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला पुनर्वसित केलेली. लोकांची शेती आणि घरं जुन्या जागी, पण पाणी वाढायला लागलं की जनावरं घेऊन सोनतळीची वाट धरतात. जागा ठरलेली आहे, रस्ता ठरलेला आहे, म्हणून माणूसही वेळेत निघतो. मला यातली मेख एवढीच वाटते की जनावर आधी निघालं तर माणूस आपोआप निघतो.

अमेरिकेचं एक सांगतो, कारण कायदा त्यावरून झाला. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना नावाचं वादळ न्यू ऑर्लिन्सवर आलं. शहर बुडालं. बसमध्ये आणि निवाऱ्यात कुत्र्या-मांजरांना घेत नव्हते. कित्येक लोक प्राण्यांसाठी घरातच थांबले आणि तिथं अडकले. पुढच्या वर्षी, २००६ च्या ऑक्टोबरमध्ये, तिथं कायदा आला की केंद्राची आपत्ती मदत हवी असेल तर राज्याच्या योजनेत घरातल्या पाळीव प्राण्यांची सोय हवी. गंमत बघा, त्या कायद्यात कुत्रा, मांजर आहे, पण शेतातली गाय नाही. आपल्याकडे बरोबर उलटं. आपल्या नुकसानभरपाईच्या निकषांत गाय, म्हैस, बैल, बकरी, कोंबडी आहे, पण कुत्रा आणि मांजर कुठंच नाही. दोन्ही देशांनी आपापलं जनावर मोजलं. पूर मात्र असा भेद करत नाही.

आणि मोजणंही कसं, तर मालमत्ता म्हणून. आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्यात आपत्तीची व्याख्या आहे, माणसांची जीवितहानी, मालमत्तेचं नुकसान, पर्यावरणाची हानी. जनावर तिथं मालमत्तेत धरलं जातं. मालमत्तेची भरपाई नंतर देता येते, म्हणून तिला आधी वाचवायची घाई कोणाला नसते. मी कायद्याचा माणूस नाही, पण तयारी का कमी पडते, याचं एक मूळ मला इथं दिसतं.

आता मुख्य मुद्दा. दावं.

पुरात मेलेली जनावरं बघितली तर त्यात बांधलेली किती असतात हे लक्षात येतं. जनावर दावणीलाच असतं. गाय पोहते, म्हैस तर उत्तम पोहते, बैलही पोहतो. बकरी फार वेळ नाही, पण चढावर पळते, दगडावर उभी राहते. बांधलेलं जनावर मात्र काहीच करू शकत नाही. पाणी दाव्याच्या लांबीपेक्षा वर गेलं की संपलं. कुत्र्याचं तसंच. घराला कुलूप, कुत्रा साखळीला, मालक म्हणतो दोन तासांत येतो. रस्ता तुटतो आणि दोन तासांचे दोन दिवस होतात.

म्हणून एक नियम करा. माणूस घर सोडतो तेव्हा मागं एकही जनावर बांधलेलं राहत नाही. सोबत नेता आलं तर न्यायचं. नाही नेता आलं तर सोडायचं, गोठ्याचं दार, खुराड्याचं झाकण उघडं ठेवायचं. दार नुसतं लोटून ठेवू नका, वाऱ्यानं लागतं. दगड लावा नाहीतर दोरीनं मागं बांधा.

सोडायचं म्हणताना लोकांच्या मनात भीती असते, आणि ती खोटी नाही. हरवेल. चोरीला जाईल. कोणाच्या कपाशीत शिरलं तर भांडण. म्हणून लोक 'अजून थोडं थांबू' म्हणतात आणि शेवटी हाताला गाठच लागत नाही. ओल्या दोरीची गाठ, त्यात घाबरलेलं जनावर ओढ देतंय, अंधार आहे, हात थरथरतायत. सुताची, तागाची दोरी भिजली की फुगते. नायलॉनची फुगत नाही, पण ओढ बसली की तीही आवळते. कोणतीही दोरी त्या वेळी सुटत नाही, कापावीच लागते.

यावर दोन साधे उपाय आहेत. पहिला, पावसाळ्याचे चार महिने गाठ बदला. दाव्याचं टोक गाठीतून पूर्ण बाहेर काढू नका. टोकाची दुमड करून ती दुमड आत घाला, बुटाची लेस बांधतो तशी. जनावरानं ओढलं तर गाठ घट्ट होते, तुम्ही मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. काही बैल हुशार असतात, तोंडानं टोक ओढून मोकळे होतात. त्यांच्यासाठी टोक तोंड पोचणार नाही अशा बाजूला ठेवा. दुसरा उपाय, गोठ्याच्या दाराजवळ, बाहेरच्या बाजूला, हात सहज पोचेल तिथं एक धारदार विळा खोचून ठेवा. तो गवताला वापरायचा नाही, घरात न्यायचा नाही. साखळी वापरत असाल तर तिला कुलूप कधीच नको. चोराच्या भीतीनं लावलेल्या कुलपाची किल्ली पुराच्या रात्री सापडत नाही.

सोडताना नुसतं खुंटीपासून सोडून उपयोग नाही. गळ्यात दहा हात दोरी लोंबत असेल तर ती काटेरी झुडपात, तारेच्या कुंपणात अडकते आणि जनावर तिथं बुडतं. म्होरकी राहू द्या, म्हणजे नंतर धरता येतं. लोंबणारं दावं काढा. बैलाच्या वेसणीचा कासरा काढा.

आणखी एक. घरातल्या किती जणांना सगळी जनावरं सोडता येतात? अनेक घरांत एखादा बैल असा असतो की फक्त एकाच माणसाला जवळ येऊ देतो. तो माणूस त्या रात्री नेमका बाजाराला, नाहीतर गुजरातेत कामाला गेलेला. तर घरातल्या दुसऱ्या एका माणसाची त्या बैलाशी ओळख आत्तापासून करून द्या. आठवड्यातून दोनदा त्याच्या हातून ढेप मिळाली तर बैल ओळखतो.

ओळख पटण्याचा प्रश्न राहिला. आता कानातला टॅग आहे, १२ आकडी. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून टॅगशिवाय जनावरांची बाजारात खरेदी-विक्री होत नाही, म्हणजे टॅग बहुतेकांनी मारून घेतलेत. पण नंबर कुठं लिहून ठेवलाय? जनावर वाहून गेलं तर कानही त्याच्यासोबत गेला. सगळ्या जनावरांचे टॅग नंबर एका कागदावर लिहा, प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये काढा. फोटोत तुम्ही स्वतः जनावराशेजारी उभे राहा. तो फोटो दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला पाठवून ठेवा, कारण मोबाइलही बुडतो. पोळ्याला शिंगं रंगवताच, त्या रंगात फोन नंबर लिहिला तर काय बिघडलं? सोडलेलं जनावर चार गावं ओलांडून गेलं तरी कोणीतरी फोन करेल.

आता नेण्याचं बघू. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. राजस्थान, उत्तर प्रदेश, पंजाबातून घोडे येतात. जातिवंत घोडा भित्रा असतो, तरी ट्रकमधून उतरतो आणि चढतो. का? कारण त्याला सवय आहे. आपला बैल आयुष्यात पहिल्यांदा पिकअप बघतो ती पुराच्या रात्री. वर भोंगा, दिवे, चार माणसं शेपटी पिरगाळतायत. तो चढणारच नाही. उन्हाळ्यात शेतात गाडी उभी असते तेव्हा तिच्या फाळक्याला फळी लावा, वर चारा टाका, जनावराला आपणहून चढू द्या. चार-पाच वेळा. मांजरालाही हेच लागू. जी टोपली तुम्ही पुरात वापरणार ती महिनाभर घरात उघडी ठेवा, आत जुना कपडा घाला, ते तिच्यात झोपायला लागेल.

पण बहुतेकांकडे गाडी नाही, आणि धडगावच्या कित्येक पाड्यांवर गाडी जातही नाही. जिथं आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून खाली आणावं लागतं, तिथं म्हशीसाठी टेम्पो येईल असं मी म्हणणार नाही. तिथं चालतच जायचं. मग आधी एकदा चालून बघा. गुरं रमतगमत ताशी तीन-चार किलोमीटर चालतात, रात्री पावसात त्याहून कमी. उंचावरची जागा दोन किलोमीटरवर असेल तर पाऊण तास धरा. सोडण्याची दहा-पंधरा मिनिटं वेगळी. म्हणजे तुमच्या घराला तासभर लागतो. हा आकडा प्रत्येक घराचा वेगळा आहे आणि तो तुम्हाला माहीत असायला हवा. वाटेत नाला असेल तर ती वाट बाद, कारण सगळ्यात आधी नालाच भरतो. कळपात पुढं चालणारी एक गाय, एक बकरी असते, तिला पुढं घाला, बाकी मागं येतात. आणि उंचावर गेल्यावर एकट्या मोठ्या झाडाखाली गुरं उभी करू नका. वीज पडली तर एका वेळी सगळी जातात.

जागा कोणती, हे ग्रामपंचायतीनं मे महिन्यात ठरवावं. आपल्याकडे माणसांसाठी शाळा, आश्रमशाळा ठरलेली असते. तिथं गुरं कशी नेणार, म्हणून विषय संपतो. पण महाराष्ट्राला जनावरांची छावणी नवीन नाही हो. २०१२-१३ च्या आणि २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्या चालल्या. माणूस जनावराशेजारी खाट टाकून राहिला. तिथं नोंदी कशा ठेवायच्या, चारा कसा वाटायचा, हे सगळं आपल्या यंत्रणेला येतं. तीच छावणी दोन-तीन दिवसांची, शाळेपासून हाकेच्या अंतरावर, उंच जागी केली की घरातला मागं राहणारा माणूस मागं राहणार नाही. मला विचाराल तर जिल्ह्यानं एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी.

सोबत काय घ्यायचं याच्या लांबलचक याद्या मोबाइलवर फिरतात. मी थोडकंच सांगतो. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण पाच-सहा किलो कोरडी वैरण आणि तीस ते पन्नास लिटर पाणी लागतं, दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात त्याहून जास्त. तीन दिवसांचा चारा उंच मचाणावर आधीच ठेवला तर उत्तम. पुराचं पाणी पाजू नका, त्यात शेतातली खतं, औषधं, मेलेली जनावरं सगळं उतरलेलं असतं. कोंबड्यांना डालं. मांजराला बांबूची टोपली, वरून कापड बांधून. खताच्या प्लॅस्टिकच्या गोणीत मांजर किंवा कोंबड्या कोंबू नका, तासाभरात गुदमरतात. कुत्र्याला पट्टा आणि दोरी. पाड्यावरच्या कुत्र्यानं आयुष्यात पट्टा पाहिलेला नसतो, तर तोही आधी दोन-चार दिवस घालून बघा.

पाणी ओसरल्यावर दुसरी लढाई सुरू होते आणि तिच्यात पुराइतकीच जनावरं दगावतात, असं मला वाटतं. उपाशी जनावरापुढं मदतीचा हिरवा चारा एकदम ढिगानं टाकला की पोट फुगतं. थोडा थोडा, कोरड्यात मिसळून द्या. भिजलेला, बुरशी आलेला कडबा फेकून द्या, कितीही जीवावर आलं तरी. दुभत्या गाईचं दूध दोन वेळा काढलं नाही तर कास सुजते, ज्याला तुम्ही दगडी म्हणता. वासराला गाईपासून तोडू नका. घटसर्प आणि फऱ्या हे पावसाळी रोग आहेत, त्यांची लस पावसाआधी टोचली तरच कामाची, पूर आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. साचलेल्या पाण्यातून लेप्टोसारखे आजार माणसालाही होतात, पायाला जखम असेल तर गोठा साफ करताना गमबूट घाला.

भरपाईचं लोक हमखास विचारतात म्हणून सांगतो. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,०००, कोंबडीला १०० रुपये. कुटुंबामागे तीन मोठ्या जनावरांची मर्यादा होती, राज्य सरकार प्रसंगानुसार ती शिथिल करतं. पंचनाम्याशिवाय यातलं काही मिळत नाही. मेलेलं जनावर पुरायच्या आधी तलाठ्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, फोटो काढा, टॅग दिसेल असा. चांगल्या बैलजोडीचा बाजारभाव तुम्हाला माहीत आहे. भरपाई म्हणजे बैल नव्हे.

एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर माझं बोलणं अर्धवट राहील. प्रत्येक आपत्तीत जनावर हलवायचं नसतं. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात सापडला. २०२१ मध्ये पुन्हा आला. तिथं पक्षी हलवणं म्हणजे रोग हलवणं. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हाही बाजार बंद करावे लागले. कोंबडी लपवून पाहुण्यांच्या गावी नेली तर त्या गावाचं नुकसान. माणूस लपवतो, कारण त्याला वाटतं सरकार नेईल आणि बदल्यात काही मिळणार नाही. तेव्हा ही भीती आधी दूर करणं हाही तयारीचाच भाग आहे. एकाएकी बरीच कोंबडी मेली तर लपवू नका, हात न लावता दवाखान्यात कळवा.

श्रोत्यांचे प्रश्न

एक ताई: आमच्या गावात शाळेत कुत्र्याला घेत नाहीत. पोरं त्याला सोडून येत नाहीत. काय करायचं?

घेत नाहीत याला कारण आहे ताई, तिथं लहान मुलं झोपलेली असतात आणि घाबरलेला कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावतो. दोन गोष्टी करा. रेबीजची लस दरवर्षी द्या आणि त्याचं कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा. ते दाखवलं की सरपंचाशी बोलणं सोपं होतं. आणि कुत्र्याची जागा माणसांत मागू नका, गुरांच्या छावणीत मागा. तिथं त्याला काम आहे. तळोदा-अक्कलकुव्याकडे उघड्यावर बकऱ्या असल्या की बिबट्याची भीती असतेच, रात्री कुत्रा असेल तर लोकच म्हणतील राहू द्या. पोरांना दिवसातून दोनदा त्याला भाकरी घालायला पाठवा.

एक दादा: आम्ही डोंगरातले. आमच्याकडे पूर नाही, दरड येते. तिथं दावं सोडायचं का?

हो, पण कुठल्या बाजूला सोडायचं ते बघा. दरड नाल्याच्या, घळीच्या रेषेत उतरते. जनावरं घळीपासून बाजूला, धारेवर हाकायची, खाली नाही. जमिनीला नवीन भेग, झाड वाकलेलं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ, असं दिसलं तर रात्रीची वाट न बघता दिवसाच गुरं दुसऱ्या पाड्यावर नेऊन बांधा, अर्थात मी सांगितलेल्या गाठीनं. आणि बांधलेल्या ठिकाणी रात्री एक माणूस जागा हवा.

एक आजोबा: डोळ्यांदेखत बैल वाहतोय, आपण पाण्यात उतरायचं नाही, असं तुमचं म्हणणं?

उतरायचं नाही आबा. पाण्यात घाबरलेलं जनावर जे सापडेल त्यावर चढतं, माणसावरही. काठानं पुढं पळा, नदी वळते तिथं पाणी मंद होतं, जनावर तिथं काठाला लागायची शक्यता असते. तिथून हाक मारा. आपल्या माणसाचा आवाज ते ओळखतं आणि त्या दिशेला पोहतं. १९६२ वर पशुवैद्यकीय गाडीसाठी आणि १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगा, तुम्ही आवाज देत राहा.

एक भाऊ: गाईचा विमा काढलाय. टॅग कुंपणात अडकून तुटला. आता?

तसाच ठेवू नका. विम्याच्या कागदावर गाय तिच्या टॅग नंबरनं ओळखली जाते. टॅग नसेल तर दावा अडकतो. दवाखान्यात जाऊन नवीन टॅग मारून घ्या आणि नवा नंबर विमा कंपनीला लेखी कळवा, जुन्या नंबरासकट. त्या पत्रावर पोच घ्या. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय, या आठवड्यातच करा.